मुद्दा मांडला, बरं झालं. उत्तर काय आलं?

अधिवेशन सुरू झालं की आपल्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागतात. खासदार साहेब उभे आहेत, समोर माईक आहे, खाली पट्टी आहे : "लोकसभेत आवाज उठवला." दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ असतो. धानोऱ्यापासून मुरूमगावपर्यंत प्रत्येक ग्रुपवर तो फिरतो. खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे. दोन दिवसांनी चौकात बॅनर. आठवडाभरात विषय संपला.

मला त्या व्हिडिओचा राग नाही, हे आधीच सांगतो. आपल्या भागाचं नाव दिल्लीत घेतलं जाते याचा आनंदच आहे. कित्येक वर्षं गडचिरोलीचं नाव देशाच्या बातम्यांत फक्त चकमक आणि भूसुरुंग या दोन शब्दांसोबत यायचं. रस्ता, धान, तेंदू, दवाखाना यासाठी ते येत असेल तर चांगलंच आहे.

पण भाऊ, एक प्रश्न कोणी विचारत नाही. मुद्दा मांडला, बरं झालं. उत्तर काय आलं?

ही पोस्ट कोण्या पक्षाविरुद्ध नाही. २००८ च्या पुनर्रचनेत गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ झाला. २००९ ला मारोतराव कोवासे काँग्रेसकडून गेले. २०१४ आणि २०१९ ला अशोक नेते भाजपकडून गेले. २०२४ ला डॉ. नामदेव किरसान काँग्रेसकडून गेले. दोन्ही पक्ष झाले. त्यामुळे "तुमच्या वेळी काय केलं" हा खेळ इथं नको. मला बोलायचं आहे ते आपल्याबद्दल, म्हणजे मत देणाऱ्यांबद्दल. आपण आपल्या प्रतिनिधीकडून नेमकं काय मागतो, याबद्दल.

सभागृहात बोलण्याचे प्रकार वेगवेगळे असतात

आपल्याला सगळं सारखंच वाटते. उभा राहिला, बोलला, म्हणजे "संसदेत मांडलं". तसं नाही.

पहिला प्रकार शून्य प्रहर. अकरा वाजता प्रश्नांचा तास होतो आणि बारानंतर हा सुरू होतो. सदस्याला थोडका वेळ मिळतो, तो तातडीचा विषय सांगतो आणि बसतो. मंत्र्यानं तिथल्या तिथं उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. आपल्याकडे फिरणारे बहुतेक व्हिडिओ या प्रकारचे असतात, कारण यात सदस्य एकटाच दिसतो आणि क्लिप छान निघते.

दुसरा प्रकार नियम ३७७. यात मजकूर आधी लिहून द्यावा लागतो. संबंधित मंत्रालयाकडून त्यावर लेखी उत्तर सदस्याकडे येणं अपेक्षित असते. म्हणजे उत्तर येते, पण ते खासदाराच्या कार्यालयात येते. तुम्ही-आम्ही मागितलं नाही तं ते फाईलमध्येच राहते.

तिसरा प्रकार अतारांकित प्रश्न. याला मंत्र्याला लेखी उत्तर द्यावंच लागते. ते छापलं जाते आणि संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहते. यात भाषण नाही, टाळ्या नाहीत, व्हिडिओ तर नाहीच. पण आकडे मिळतात. लोकसभेत एका दिवशी असे २३० प्रश्न घेतले जातात.

चौथा प्रकार तारांकित प्रश्न. दिवसाला फक्त २०, आणि त्यातल्याही थोड्यांचंच तोंडी उत्तर होते. पण ज्याचा नंबर लागला त्याला मंत्र्यासमोर उभं राहून पुरवणी प्रश्न विचारता येतो. इथं मंत्र्याला पळवाट कमी असते.

मुंबई-नागपूरच्या विधानसभेतही असंच आहे. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, अर्थसंकल्पावर कपात सूचना आहे. लक्षवेधीला मंत्री निवेदन करतो. औचित्याच्या मुद्द्याला लगेच उत्तर मिळेलच असं नाही. आपल्या आमदारानं यातलं काय वापरलं, हे आपण कधी विचारलं काय?

आता मंत्री उत्तरात काय म्हणतो तेही बघा. "बाब विचाराधीन आहे." "माहिती घेऊन सांगतो." आपण म्हणतो, झालं, टोलवलं. पण लोकसभेच्या कामकाजात अशी वाक्यं आश्वासन म्हणून धरली जातात. ती तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासनांची समिती असते. म्हणजे "विचाराधीन आहे" हे वाक्य नीट पकडलं तर ते सरकारच्या गळ्यातलं लोढणं होते. सोडून दिलं तर वारा.

वडसा-गडचिरोली रेल्वे घ्या

आपल्या जिल्ह्यात लोकसभेत सर्वांत जास्त घासून गुळगुळीत झालेला विषय कोणता असेल तर हा. सुमारे ५० किलोमीटरची लाईन. मंजुरी २०११-१२ ची. खर्चाचा अर्धा वाटा राज्याचा, अर्धा रेल्वेचा. जमीन, वनविभागाची परवानगी, राज्याचा वाटा, वाढलेला खर्च, या सगळ्यात वर्षं निघून गेली. त्या वर्षी जन्मलेलं पोर आता हायस्कुलात आहे. हे लिहीपर्यंत गडचिरोलीहून प्रवासी गाडी सुटलेली नाही.

या काळात "रेल्वे लवकर पूर्ण करा" अशी मागणी किती वेळा झाली असेल? मागणी चुकीची नाही. पण "लवकर करा" याला मंत्री "लवकर करू" म्हणतो, आणि दोघंही खरं बोलले असं होते.

तोच विषय असा विचारला तर? या मार्गासाठी किती हेक्टर खाजगी जमीन पाहिजे होती, आजपर्यंत किती ताब्यात आली? किती वनजमीन पाहिजे, तिच्या अंतिम परवानगीचा अर्ज कोणत्या तारखेला गेला, आज कोणत्या टेबलवर आहे? राज्यानं आपल्या वाट्यातले किती कोटी कोणत्या वर्षी दिले? मार्गावर किती पूल आहेत आणि किती झाले?

यात "लवकर" हा शब्दच नाही. उत्तर द्यायला मंत्रालयाला खालून माहिती मागवावी लागते. माहिती मागवली की त्या टेबलवरच्या माणसाला कळते की दिल्लीतून कोणी विचारते आहे. सरकारी कामात अर्धं बळ याच गोष्टीत असते. आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न परत विचारला की आकडा हलला की नाही ते दिसते.

"संसदेत बोलून काय होते?"

हे वाक्य आपल्याकडे टपरीवर रोज ऐकू येते. मी म्हणतो, होते. आणि पुरावा लांब शोधायची गरज नाही. धानोऱ्याच्या शेजारी मेंढा (लेखा) आहे.

बांबू घ्या. वनाधिकार कायदा २००६ मध्ये संसदेनं मंजूर केला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिला आहे. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूला "झाड" धरलेलं होतं. वनविभागाचा वाहतूक परवाना असल्याशिवाय बांबू गावाबाहेर जात नव्हता. एका कायद्यात बांबू गावाचा, दुसऱ्या कायद्यात बांबू खात्याचा.

गाव मागं हटलं नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या लोकांनी विषय वरपर्यंत नेला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. पुढं २०१७ मध्ये संसदेनं वन कायद्याच्या त्या व्याख्येतून बांबू काढला. त्या दुरुस्तीचा रोख जंगलाबाहेर लावलेल्या बांबूवर होता हे खरं, पण बांबू झाड नाही हे कायद्यानंच मान्य केलं.

आता यातला न दिसणारा भाग सांगतो. वनाधिकाराचं विधेयक डिसेंबर २००५ मध्ये मांडलं गेलं तेव्हा ते बरंच कमजोर होतं. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचा ताबा असला तरच हक्क, असं त्यात होतं. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष होते व्ही. किशोर चंद्र देव, आंध्रातल्या आदिवासी भागाचे खासदार. समितीनं ती तारीख १३ डिसेंबर २००५ पर्यंत आणायची शिफारस केली, ग्रामसभेचं स्थान मजबूत करायला सांगितलं, आणि तीन पिढ्यांपासून जंगलावर जगणाऱ्या बिगर आदिवासींनाही कायद्यात घ्यायला सांगितलं. त्यातलं पुष्कळ कायद्यात आलं.

२५ वर्षांचा फरक! आज आपल्या तालुक्यात ज्यांच्या हाती वनहक्काचा पट्टा आहे, त्यातल्या किती जणांचा ताबा १९८० नंतरचा असेल, तुम्हीच आपल्या गावात मोजा. तो फरक कोण्या गाजलेल्या भाषणानं पडला नाही. समितीच्या खोलीत बसून, कागद वाचून, एकेका शब्दावर भांडून पडला. त्या समितीचा व्हिडिओ कोणाच्या ग्रुपवर आला नव्हता.

पेसाचंही तसंच. १९९६ च्या त्या कायद्यामागं खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीचा अहवाल होता. झाबुआकडचा आदिवासी खासदार. आज आपण ग्रामसभेत ठराव करून तेंदूचा लिलाव स्वतः करतो, त्याचं मूळ त्या अहवालापर्यंत जाते.

म्हणून "बोलून काय होते" असं म्हणू नका. काय बोललं, कुठं बोललं आणि नंतर पाठपुरावा कोणी केला, यावर सगळं आहे.

लाल श्याम शाह यांची आठवण

मुरूमगावच्या पुढं हद्द ओलांडली की छत्तीसगडात मानपूर-मोहल्याचा भाग लागतो. तिथल्या पानाबरस जमीनदारीचे लाल श्याम शाह १९६२ मध्ये चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. आपण सगळे चांद्यातच होतो. म्हणजे ते आपले खासदार.

त्यांनी मुदत पूर्ण केली नाही. आदिवासींच्या प्रश्नावर १९६४ मध्ये राजीनामा देऊन ते परत आले. पुढं १९८४ च्या सुमारास इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध "जंगल बचाव, मानव बचाव" आंदोलन उभं राहिलं, त्यात बाबा आमटे होते तसे लाल श्याम शाहही होते. ती धरणं झाली नाहीत. मेंढ्यासारख्या गावांतली जागृतीही त्याच आंदोलनाच्या काळातली.

काही जण म्हणतील, बघा, प्रामाणिक माणसाला संसद सोडावी लागली. मला ते वेगळं दिसते. एकटा माणूस, मागं पक्ष नाही, गावागावांतून कागद येत नाही, ग्रामसभेला कायद्यात स्थान नाही. त्या काळात सभागृहातल्या माणसाला खालून आधार मिळायची सोयच नव्हती. आज ७३ वी घटनादुरुस्ती आहे, पेसा आहे, वनाधिकार कायदा आहे, महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम आहेत. आज खासदार एकटा पडला तर त्यात थोडा वाटा आपलाही असतो.

प्रश्न बरोबर, पत्ता चूक

आपली मोठी अडचण ही आहे. हातपंप बंद आहे म्हणून खासदाराला निवेदन. रोजगार हमीची मजुरी अडली म्हणून आमदाराला निवेदन, जिल्हाधिकाऱ्याला निवेदन, पालकमंत्र्याला निवेदन, सगळीकडे एकच झेरॉक्स. आणि केंद्राचा विषय विधानसभेत, राज्याचा विषय लोकसभेत. मग दिल्लीहून एका ओळीचं उत्तर येते : ही बाब राज्य शासनाच्या अखत्यारीत आहे. संपलं.

धानाचं बघा. हमीभाव केंद्र ठरवते. बोनस राज्य देते. खरेदी आपल्याकडे आदिवासी विकास महामंडळ आविका संस्थांमार्फत करते. आता "धानाचा प्रश्न" म्हणजे यातला कोणता? भाव कमी असेल तर लोकसभा. बोनस थकला असेल तर विधानसभा. खरेदी केंद्रावर धान उघड्यावर भिजला, गोदाम नाही, बारदाना नाही, तर तो महामंडळाचा आणि राज्याचा विषय. तिन्ही गोष्टी एका निवेदनात कोंबल्या की तिन्ही वाऱ्यावर जातात.

रस्त्याचं बघा. पावसाळ्यात नाला भरला की कित्येक गावं आजही तुटतात. बाळंतपणाची बाई खाटेवर आणायची पाळी या जिल्ह्यात अजून येते. रस्ता मागितला की उत्तर येते, वनजमीन आहे, परवानगी नाही. पण वनाधिकार कायद्याचं कलम ३(२) वाचा. रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, वीज आणि टेलिफोनच्या तारा, लहान तलाव अशा १३ सोयींसाठी एका हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. त्यासाठी फाईल दिल्लीला पाठवायची गरज नाही. मग खासदारानं विचारायचं ते हे : गडचिरोली जिल्ह्यात कलम ३(२) खाली किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत, आणि का?

असे आणखी दोन-तीन प्रश्न मी सरळ लिहून देतो. ज्याला पाहिजे त्यानं उचलावे, नाव नको.

एक. वनहक्काचे किती वैयक्तिक दावे "तीन पिढ्यांचा पुरावा नाही" या कारणानं नामंजूर झाले, जिल्हानिहाय? नामंजुरीचं कारण दावेदाराला लेखी कळवलं काय? आपल्याकडे कितीतरी बिगर आदिवासी गरीब कुटुंबं या ७५ वर्षांच्या पुराव्यावर अडलेली आहेत. कागद ठेवणारी ती पिढीच नव्हती, मग पुरावा कुठून आणायचा?

दोन. धानोरा तालुक्यात मोबाईलचे किती टॉवर मंजूर आहेत, किती उभे झाले, आणि वीज गेल्यावर ते चालू राहावेत म्हणून काय सोय आहे? टॉवर उभा आहे आणि रेंज नाही, हे आपल्याकडचं रोजचं दुखणं. रेशनचा अंगठा, बँक, शाळेचं ऑनलाईन, सगळं त्यावर. दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे, इथं टोलवायला जागा नाही.

तीन. पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. महाराष्ट्राचा शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा गेला आणि तो लोकांसमोर ठेवला काय? आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आपल्याबद्दल वर काय लिहून जाते, हे आपल्याला माहीत असायला नको काय?

भाषेचं काय

हाही मुद्दा यातच येतो. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीनं त्यात जागा मिळाली. गोंडी त्यात नाही. मध्य भारतातल्या सहा-सात राज्यांत बोलली जाणारी भाषा. धानोरा तालुक्यात घराघरात बोलली जाणारी भाषा.

घटनेच्या अनुच्छेद १२० मध्ये एक सोय आहे. ज्या सदस्याला हिंदी किंवा इंग्रजीत आपलं म्हणणं नीट मांडता येत नाही, त्याला पीठासीन अधिकाऱ्याच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येते. पण भाषण ऐकणाऱ्याला कळायला दुभाष्या लागतो, आणि ती व्यवस्था अनुसूचीतल्या भाषांसाठी उभी राहते. गोंडीची मागणी "अस्मिता" म्हणून बाजूला सारू नका. आपल्या ग्रामसभेत ज्या भाषेत बाई बोलते, त्या भाषेला सभागृहात खुर्ची नाही. तिचं म्हणणं आधी मराठीत येते, मग हिंदीत, मग इंग्रजी टिपणीत. प्रत्येक पायरीवर थोडं सांडते.

खासदाराच्या बाजूनंही बोललं पाहिजे

मतदारसंघ बघा. आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी, चिमूर. तीन जिल्हे. गोंदियाच्या टोकापासून सिरोंच्यात गोदावरीपर्यंत. एका माणसानं वर्षभर नुसता प्रवास केला तरी प्रत्येक गाव होणार नाही. लोकसभेत ५४३ सदस्य. प्रश्नांसाठी सोडत निघते, त्यात नाव आलं तर आलं. सभागृह गोंधळात तहकूब झालं तर नंबर लागलेला प्रश्नही तोंडी होत नाही. मागची, म्हणजे सतरावी लोकसभा पाच वर्षांत मिळून २७४ दिवस बसली. वर्षाला सरासरी ५५ दिवस. एवढ्यात देशातल्या सगळ्यांचे विषय.

आणि आपण त्यांच्याकडे काय घेऊन जातो? समाजमंदिर द्या. कमान द्या. मंडईला पाहुणे म्हणून या. लग्नाला या, तेरवीला या. नाही आले तर "निवडून आले अन् विसरले". खासदार निधी वर्षाला ५ कोटी. तीन जिल्ह्यांत वाटला तर गावाला काय येते याचा हिशेब करा. बांबूच्या एका व्याख्येनं ग्रामसभांच्या हाती जे आलं, ते कोणत्याही खासदार निधीतून आलं नसतं.

जो प्रतिनिधी प्रश्न विचारतो त्याला आपण मत देत नाही आणि जो तेरवीला येतो त्याला देतो, असं असेल तर तो तेरवीलाच येईल. त्यात त्याचा काय दोष?

मग करायचं काय

माझं म्हणणं सोपं आहे. भाषण मागू नका, उत्तर मागा. त्यासाठी ग्रामसभेनं चार कामं करावी.

पहिलं, अधिवेशनाच्या महिनाभर आधी ग्रामसभेत एकच विषय घ्या : सभागृहात आपल्या गावचा कोणता प्रश्न गेला पाहिजे. दहा नको. एक. त्याचा ठराव करा. लोकसभेच्या प्रश्नाला किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि एका दिवसासाठी एका सदस्याच्या पाचच सूचना चालतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलं तर उशीर झालेला असतो.

दुसरं, प्रश्न मागणीसारखा लिहू नका, विचारणा करा. किती, कधीपर्यंत, कोणाकडे पडून आहे, कोणत्या कारणानं. केंद्राचा असेल तर खासदाराला, राज्याचा असेल तर आमदाराला. माहीत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोरीला बसवा. एका संध्याकाळचं काम आहे.

तिसरं, उत्तर आलं की त्याची प्रत मागा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावानं सगळे प्रश्न आणि उत्तरं सापडतात. कोणाची ओळख लागत नाही, फी लागत नाही. उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत असेल तर ग्रामसभेत मराठीत आणि गोंडीत वाचून दाखवा. उत्तरात लिहिलेला आकडा गावातल्या खऱ्या परिस्थितीशी जुळतो काय ते बघा. दिल्लीच्या उत्तरात पूर्ण झालेला रस्ता आणि गावात अर्धा सुटलेला रस्ता, हा फरक फक्त गावालाच दिसू शकते. तो लिहून परत पाठवा. खरं काम इथं सुरू होते.

चौथं, वर्षातून एकदा खासदार आणि आमदार तालुक्याला आले की त्यांना हार घालायच्या आधी एक कागद मागा : वर्षभरात आपल्या भागाबद्दल किती प्रश्न विचारले, किती उत्तरं आली, किती आश्वासनं पूर्ण झाली. पक्ष कोणताही असो. आणि ज्यानं चांगलं विचारलं त्याचं नाव घेऊन कौतुक करा, विरोधी पक्षाचा असला तरी.

एक गोष्ट आणखी. प्रतिनिधी ऐकतच नसेल तरी दार बंद होत नाही. लोकसभेत नागरिकांना याचिका करता येते, ती कोण्याही सदस्यामार्फत मांडता येते. विधानमंडळातही विनंती अर्ज समिती आहे.

आपल्या तालुक्यातल्या एका लहान गावानं दिल्लीच्या मंत्र्याला मांडवाखाली बसवून बांबूचा परवाना घेतला. त्या गावाकडे पैसा नव्हता, मोठा नेता नव्हता. त्यांच्याकडे अभ्यास होता, ठराव होता आणि "उत्तर द्या" म्हणायची सवय होती. मग लेखा-मेंढ्याला जमलं ते रांगीला काहून जमणार नाही, पेंढरीला काहून नाही, चातगावला काहून नाही?

पुढचं अधिवेशन येईलच. व्हिडिओ पण येतील, पाहा, शेअर करा, टाळ्याही वाजवा. फक्त खाली एक ओळ लिहायला विसरू नका : साहेब, उत्तर आलं की प्रत पाठवा, ग्रामपंचायतीत लावायची आहे.